पर्वतीय उड्डाणाचा दोन दिवसांचा वर्ग : एक अभिप्राय
एका इंजिनाचे छोटे विमान चालवणाऱ्यांसाठी असलेला हा वर्ग मी नुकताच पूर्ण केला, आणि दरीत वळण्याच्या एकाच धड्याने शुल्क वसूल झाले, असे माझे मत आहे. दरीच्या मधोमध न उडता एका कडेने उडावे, म्हणजे पुढे ढग उतरलेले दिसताच माघारी वळायला संपूर्ण रुंदी हाताशी राहते. आणि डोंगराची धार ओलांडताना तिच्याकडे सरळ न जाता सुमारे 45 अंशांच्या कोनात जावे, म्हणजे खाली येणाऱ्या वाऱ्याने विमान ओढले तरी थोडक्या वळणात सुटता येते. सिम्युलेटरवर पूर्ण थ्रॉटल देऊनही उंचीमापकाचा काटा उलटा फिरत राहिला, तेव्हा माझ्या तळहाताला खरोखरच घाम फुटला. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र, नसलेल्या इंजिनाची शक्ती दर 1,000 फूट उंचीमागे साधारण 3 टक्क्यांनी घटते, हे नुसते पाठ असणे निराळे. हवामानाचा भाग मात्र घाईत उरकला गेला. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, साचणाऱ्या बर्फाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. (मधली सुटी त्याहून मोठी होती.) केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्यांनी तरीही हा वर्ग करावा, फक्त हवामानाचा अभ्यास घरूनच करून जावे.