नदीकाठी तेवीस रात्री: दोन माणसांच्या तंबूचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

तंबू घेतल्यानंतरच्या तिसऱ्याच मुक्कामात पहाटे मुलाने मला हलवून उठवलं. "बाबा, वरून गळतंय." त्याच्या स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू ओली लागत होती आणि वरच्या कापडाला बोट लावलं की थेंब टपकत होते. चेन उघडून डोकं बाहेर काढलं तर आभाळ स्वच्छ, चांदण्यांनी गच्च भरलेलं. पावसाचा मागमूस नव्हता. तंबू परत करायचा असं मी तिथेच ठरवून टाकलं होतं. केला नाही ते बरं झालं, कारण ते पाणी आमचंच होतं.

आधी वस्तूविषयी थोडक्यात. दुहेरी तंबू आहे: आत जाळीची खोली, वर पॉलिएस्टरचं आवरण. दोन बाजूंना दोन दारं, ॲल्युमिनियमचे दोन पोल, वजन अडीच किलोच्या आसपास. आवरणावर २००० मिमी आणि तळावर ३००० मिमी असं लिहिलंय. पाण्याचा किती उंच स्तंभ कापडावर उभा राहिला की ते झिरपायला लागतं, त्याचा हा आकडा. पावसासाठी साधारण १५०० मिमी पुरतं. तळाला जास्त लागतं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की आपल्याच वजनाने पाणी कापडातून वर दाबलं जातं. दोन रात्री चांगला जोरदार पाऊस झेलला. शिवणीतून एक थेंब आत आला नाही. पावसाच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

प्रश्न आतल्या ओलाव्याचा आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो; दोघांचं मिळून अर्धा लिटर. निरभ्र रात्री कापडाची उष्णता आभाळाकडे निघून जाते आणि ते भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. मग वाफ त्याच्यावर आतून धरते. नदीकाठी हे दुपटीने जाणवतं. हवा मुळातच दमट, आणि गार हवा जड असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या उतारांवरून ओघळत येऊन पात्रात साचते. पाण्याला लागून असलेली ती सपाट, हिरवीगार जागा, जी दुपारी सगळ्यांत सुंदर दिसते, ती पहाटे सगळ्यांत थंड आणि ओली असते. आम्ही पहिले तीनही मुक्काम नेमके तिथेच टाकले होते.

पाचव्या मुक्कामाला तंबू वरच्या टप्प्यावर, झाडाखाली लावला. नदी तीच, आभाळही तसंच निरभ्र. पहाटे आवरणाच्या आतून हात फिरवला तर तळवा जेमतेम दमट झाला. झाडाचं छत्र मध्ये आलं की कापड तेवढं गार पडत नाही, दवही कमी पडतं. फक्त झाडाखाली तंबू लावण्याआधी मान वर करून वाळक्या, अडकलेल्या फांद्या बघून घ्या. ते दोन मिनिटांचं काम कधीही चुकवू नका.

'लीव्ह नो ट्रेस'च्या, म्हणजे निसर्गात आपली खूण मागे न ठेवता फिरण्याच्या, तत्त्वांमध्ये पाण्यापासून सुमारे ६० मीटर, म्हणजे साधारण सत्तर मोठी पावलं, दूर राहायला सांगितलंय. हेतू पाणी स्वच्छ राहावं आणि प्राण्यांना पाण्यापर्यंत यायला वाट मोकळी मिळावी हा. आम्ही ते पाळायला लागलो आणि आमची झोपही सुधारली.

एका ठिकाणी या अंतराने याहून मोठी काळजी मिटवली. नदीच्या वळणावर सुरेख मऊ वाळू होती, तंबू पसरायला घेतलाही होता. तेवढ्यात शेजारच्या झुडपांत माझ्या छातीच्या उंचीवर वाळलेलं गवत आणि काड्या गुंतलेल्या दिसल्या, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. कधीतरी पाणी तिथवर चढून गेलं होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं, तर खाली कोरड्या आभाळाखालीसुद्धा पातळी वाढते. आम्ही सगळं गुंडाळून वर गेलो. रात्री काही झालं नाही, तरी तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

आता खऱ्या उणिवा. हवा खेळायला वर एकच खिडकी आहे आणि ती फारच लहान. दोन्ही दारांच्या चेन वरून वीतभर उघड्या ठेवल्या तरच वारा आरपार जातो. पाऊस असेल तर ते जमत नाही. घेताना मी पाण्याचे आकडे तपासत बसलो. आज घ्यायचा झाला तर आधी खिडक्या बघेन.

सोबतच्या खुंट्या बारीक, गोल सळीच्या आहेत. घट्ट मातीत ठीक, वाळूत निरुपयोगी. वाऱ्याच्या एका रात्री चारपैकी तीन निघाल्या आणि आवरण तोंडावर येऊन पडलं. आता वाळूत तणावा छोट्या कापडी पिशवीला बांधतो, पिशवीत वाळू भरतो आणि हातभर खोल पुरतो. ती हलत नाही.

सहाव्या महिन्यात एका दाराची चेन उघडी पडायला लागली: रनर (चेनची सरकणारी कडी) पुढे जातो, दात जुळत नाहीत. बारीक वाळूने रनर आतून झिजला होता. कंपनीने "वापरातली झीज" म्हणून हात वर केले. इतक्या लवकर हे व्हायला नको होतं, हे माझं मत कायम आहे. पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्यावर सध्या चालतंय. दाब जास्त झाला तर रनर तुटतो, म्हणून थोडं थोडं दाबत चेन ओढून बघायची.

घरी आल्यावर तंबू पूर्ण वाळवल्याशिवाय पिशवीत भरत नाही. कापडातून पाणी झिरपू न देणाऱ्या आतल्या पॉलियुरेथेनच्या थराला ओल लागून राहिली की तो विघटित होतो, चिकट होतो, आंबूस वास सुटतो, आणि मग तो दुरुस्त होत नाही. वाळवायचा तोही सावलीत, कारण उन्हाने धागा कमजोर पडतो. तळाच्या कोपऱ्यांत वाळू राहते, म्हणून आतली खोली उलटी धरून झटकतो.

आवरण, शिवणी, पोल आठ महिन्यांनंतरही जवळपास नव्यासारखे आहेत. दुसऱ्या दाराचा रनरही आता अडखळायला लागलाय. पुढच्या मुक्कामाआधी दोन्ही बदलून घेणार आहे आणि खुंट्यांचा जाड, तीन पात्यांचा संच वेगळा आणणार आहे.