नेटशिवाय चालतं म्हणून ४६ हजार घेतले, डब्यात निघाली लोखंडी पट्टी

मुलुंडला राहतो. मी आणि बायको दोघं कामावर, दिवसभर आई एकटी, म्हणून हॉलमध्ये एक कॅमेरा आणि लाइट-पंखे मोबाइलवर घ्यायचे ठरवले. माझी अट एकच, सगळं लोकल पाहिजे. ८:५२ ची लोकल नाही हो, घरातला डेटा घरातच राहणार, बाहेरच्या सर्व्हरवर जाणार नाही आणि नेट गेलं तरी सगळं चालणार. होम असिस्टंट नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं, ते रास्पबेरी पाय नावाच्या छोट्याशा कॉम्प्युटरवर टाकतात, एवढं यूट्यूबवर बघून माहीत होतं, पण स्वतः करत बसायला वेळ नव्हता आणि तिथेच मेलो.

ओळखीच्या ओळखीतून एक माणूस आला, बोलायला एकदम गोड. काळा डबा आणला, वर निळी लाइट, म्हणे यात रास्पबेरी पाय आहे, तुमचं घर याच्यावर चालणार. मी विचारलं नेट नसलं तर? तर "दादा, हे बघा" म्हणून माझाच फोन घेतला, मोबाइल डेटा बंद केला आणि अ‍ॅपवरून ट्यूबलाइट लावून दाखवली. मी खूश. पण फोन घरच्या वायफायवर होता आणि राऊटरचं नेट चालू होतं की! एवढी साधी गोष्ट तेव्हा डोक्यातच आली नाही. ४६ हजार दिले, सगळे जीपेवर, बिल मागितलं तर "नंतर देतो".

दीड महिन्याने लायसन्स रिन्यूअलचे ६ हजार मागायला त्याचा फोन. मी मीटिंगमध्ये, उचलला नाही, तर त्याने आईला लावला. आई म्हणाली मुलगा घरी नाही, संध्याकाळी करा. तर हा म्हणतो, "बरं काकू, तुमच्या शेंगा सोलून होऊ दे निवांत."

आई खरंच हॉलमध्ये बसून मटार सोलत होती.

तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कसा झाला होता ते लिहिता येत नाही. "अरे, त्याला कसं कळलं?" एवढंच परत परत. मी हाफ डे टाकून घरी, पहिला कॅमेऱ्याचा प्लग काढला. मग राऊटरमधून नेटची वायर काढली, वायफाय तसंच ठेवलं, आणि अ‍ॅप उघडलं तर नुसतं गोल फिरतंय, एक लाइट लागेना. ही टेस्ट पहिल्या दिवशी करायला हवी होती. वायर परत लावून अ‍ॅपचं सेटिंग बघितलं तर घराचा ओनर म्हणून त्याचा ईमेल आणि मी, घराचा हप्ता भरणारा, मेंबर.

राऊटरला जोडलेल्या गोष्टींच्या यादीत तो डबा कुठेच नव्हता. स्क्रू काढले तर आत जुन्या चार्जरचं सर्किट, एक एलईडी आणि वजन यावं म्हणून डबल टेपने चिकटवलेली लोखंडी पट्टी. बायको हसायला लागली, मला रडावं की काय कळेना.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोलिस स्टेशनलाही अर्ज दिलाय. पैशांचं काही नाही अजून. पक्कं बिल नाही तिथेच अडतंय, जीपेचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं एस्टिमेट एवढंच हातात.

आता भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून खरा रास्पबेरी पाय आणि झिगबीचा (वायफायशिवाय उपकरणं जोडणारा) डोंगल आणून सगळं नव्याने केलंय. त्या माणसाने लाइट-पंख्यांना बसवलेल्या जुन्या ६ मॉड्यूलपैकी दोनांत ईएसपी८२६६ ही वायफायची चिप निघाली, त्यांच्यावर टास्मोटा हे नेटशिवाय चालणारं फुकट सॉफ्टवेअर टाकून वापरतोय, बाकीचे ड्रॉवरमध्ये पडलेत. नेटची वायर काढूनही लाइट लागतात, मी रोज एकदा काढून बघतो, बायको वैतागलीय. कॅमेरा मात्र आईने परत लावू दिला नाही.

डब्यावर पांढऱ्या स्टिकरवर "लोकल कंट्रोल" असं छापलेलं होतं. मुलुंड-भांडुपकडे कोणाच्या घरी असा डबा असेल तर आज रात्रीच उघडून बघा, आणि अ‍ॅपमध्ये ओनर कोण आहे तेही.