अ‍ॅन ऑर्कनी वेडिंग, विथ सनराइज : लिन रेकॉर्ड्सचा अल्बम

ब्रिटिश संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातल्या हॉय बेटावर राहायला गेले. तिथल्या शेजाऱ्यांच्या लग्नातील नाचगाण्यावरून त्यांनी रचलेली ही वाद्यवृंदरचना अमेरिकेतील बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाने १९८५ मध्ये प्रथम सादर केली. लिनच्या २०१६ च्या अल्बममध्ये ती स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राने बेन गर्नन यांच्या संचालनाखाली वाजवली आहे.

रचनेच्या सुरुवातीला खराब हवेतून वाट काढत पाहुणे येतात, वधूवरांची भेट होते, व्हिस्कीचा पहिला पेला हाती येतो. मग वाद्ये जुळवली जातात आणि नाच सुरू होतो. रात्र चढते तशी वाजवणाऱ्यांनाही चढू लागते, आणि प्रमुख व्हायोलिनवादकाला आपला ताफा एकत्र ठेवणे अवघड होऊन बसते. ही सारी घसरगुंडी स्वरलिपीत काटेकोर लिहिलेली असल्यामुळे बेसूर होण्याचे सोंग वठवण्यासाठी वादक पक्के सुरेल असावे लागतात. गर्नन यांनी नाचाचा ठेका कुठेही सुटू दिलेला नाही, हे उत्तमच. पण मद्यधुंद भाग माझ्या मते किंचित जास्तच नेटका झाला आहे.

शेवटी पाहुणे पहाटेच्या थंडीत घरी निघतात, सूर्य उगवतो आणि तोवर न ऐकलेला बॅगपाइप वाजू लागतो. आपल्याकडे सनईमागे सूर धरणारा साथीदार असतो, तसा अखंड आधारस्वर या वाद्याच्या अंगातच असतो. मात्र त्याचा आवाज लहानमोठा करता येत नाही, त्यामुळे चढउतार दाखवण्याचे काम सर्वस्वी वाद्यवृंदाकडे येते. सभागृहात बहुधा हा वादक श्रोत्यांमधून चालत मंचाकडे येतो. ध्वनिमुद्रणात त्या येण्याची मजा उणावणारच, तेव्हा निदान हेडफोनऐवजी चांगल्या स्पीकरवर ऐकावे.

याच अल्बममध्ये शॉन शिबे यांनी गिटारवर वाजवलेले डेव्हिस यांचे 'फेअरवेल टू स्ट्रॉमनेस' आहे. १९८० ची ही मूळ पियानोरचना ऑर्कनीतील नियोजित युरेनियम खाणीच्या विरोधातून जन्मली, आणि शिबे यांनी ती भावुक न होता वाजवली आहे. 'एब ऑफ विंटर' ही त्यांचीच वाद्यवृंदरचना मात्र बरीच कठोर आहे. पाश्चात्त्य आधुनिक संगीताची सवय नसलेल्यांनी तिच्यापासून सुरुवात करू नये. त्यांनी आधी लग्नाला जावे.