चौथीची कविता: पॉवरपॉइंट की गुगल स्लाइड्स?

परळला चौथीला शिकवणारी मैत्रीण विचारत होती, कवितेसाठी यातलं काय घेऊ? खर्चात गुगल स्लाइड्स फुकट. पण आधी ऑफलाइनची सोय करून ठेवली नसेल, तर ऐन तासाला नेट गेलं की वर्ग हातचा जातो. पॉवरपॉइंटची फाइल पेनड्राइव्हवरूनही चालते. मात्र टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं मराठीच दिसतात. जुन्या फॉन्टमधला माझा ‘थेंब’ शाळेच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उमटला होता!

कवितेला खरी गरज एकेक ओळ उघडण्याची. ‘आभाळ आलं भरून’ एवढंच दिसलं की मुलं ‘दुरून’, ‘वरून’ ओरडत यमक शोधतात. हे दोन्हींत जमतं.

मुलांनी गटागटाने एकाच फाइलवर गोष्ट रचायची असेल, तर स्लाइड्स. नेट बेभरवशाचं आणि दाखवणार बाईच, तर पॉवरपॉइंट.