स्टेपनी सोडून चारच बदलले: ट्रेलरच्या टायरांचा सोळा महिन्यांचा अनुभव

गुडइयर एन्ड्युरन्स टायर बसवले जून २०२३ मध्ये आणि हे लिहितोय ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या काळात ट्रकमागे जोडलेला आमचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, अमेरिकेत ११,००० मैलांच्या आसपास ओढून झाला. टायर घेतल्यापासून आठवड्याच्या आत पाच तारे देऊन मोकळे झालेल्यांचे अनुभव मीही वाचले होते. ट्रेलरचा टायर आठ दिवसांत काय सांगणार? म्हणून मुद्दाम थांबलो.

आधी जुन्या टायरांचं सांगतो, कारण त्याशिवाय नव्यांचं कौतुक किती करायचं ते कळणार नाही.

ट्रेलर सेकंडहँड घेतलेला. दोन ॲक्सल, चार चाकं, प्रत्येक ॲक्सलची क्षमता ३,५०० पाउंड. टायरचं माप एसटी२०५/७५आर१४, लोड रेंज (भार पेलायच्या ताकदीची श्रेणी) सी. यातलं ‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. नक्षी जवळजवळ कोरी, कुठे चीर नाही, काळेभोर दिसायचे. गोटा झालेला टायर बदलायचा एवढंच आपल्याला लहानपणापासून माहीत. हे तर नवे वाटत होते. बाजूला कोरलेल्या डॉट नंबरचे (टायर कुठे, कधी बनला ते सांगणारा क्रमांक) शेवटचे चार आकडे मी तेव्हा पाहिलेच नव्हते. ते होते २३१८, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. टायर पाच वर्षांचे होते. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच संपतात. बहुतेक वेळ उभे राहून, ऊन खाऊन ते आतून म्हातारे होतात. अनेक कंपन्या तीन ते पाच वर्षांत बदला म्हणतात ते यामुळेच.

न्यू मेक्सिकोत आय-४० महामार्गावर, टुकमकारी आणि सांता रोझाच्या मधे, भर दुपारी मागचा डावा टायर फुटला. गंमत म्हणजे आम्हाला कळलंच नाही. दोन ॲक्सल असले की एक टायर गेला तरी त्याच बाजूचा दुसरा ट्रेलर धरून ठेवतो, आणि पुढे ट्रकमध्ये एसी लावून बसलेल्याला पत्ता लागत नाही. शेजारून जाणाऱ्या एका मोठ्या ट्रकवाल्याने हॉर्न देऊन हाताने मागे बघ अशी खूण केली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आरशात बघा, काहीतरी लोंबतंय." टायरचा वरचा पट्टा सुटून चाबकासारखा फिरत होता. त्याने फेंडर फाडलं, सिंकचा खालचा पाइप तोडला आणि इलेक्ट्रिक ब्रेकच्या वायरी उपटल्या. टायरपेक्षा ही दुरुस्ती मोठी निघाली.

स्टेपनी काढली तर तिच्यात हवेचा दाब ५० पीएसआयऐवजी २८. तीही २३१८ चीच. छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरत अर्धा तास उन्हात उभे होतो. चाक उचलायला मात्र जॅक लागला नाही. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: नट आधी थोडे सैल करायचे आणि त्याच बाजूचं चांगलं चाक ट्रेलर समतल करायच्या उतरत्या ठोकळ्यावर चढवायचं, की फुटलेलं चाक आपोआप अधांतरी होतं. जॅक लावायचाच झाला तर तो फ्रेमखाली. ॲक्सलच्या नळीखाली लावला तर ती वाकू शकते.

घरी आल्यावर मीही इतरांसारखाच टायरच्या नावाने बोटं मोडली. अमेरिकेतल्या आरव्हीवाल्यांत (चाकांवरच्या घरातून फिरणाऱ्यांत) स्वस्त आयात टायरांना ‘चायना बॉम्ब’ म्हणतात, आणि मी तो शब्द महिनाभर मनसोक्त वापरला. नंतर ट्रेलर तोलला आणि माझी बोलती बंद झाली.

हायवेवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर ॲक्सलचं वजन मिळतं, पण प्रत्येक चाकाचं मिळत नाही. त्यासाठी चारही चाकांखाली वेगवेगळे पॅड ठेवून तोलून घ्यावं लागतं. एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबची स्मार्टवे नावाची अशी सोय आहे. एकूण भार निघाला ६,२६० पाउंड. चार टायरांना भागलं तर प्रत्येकी १,५६५, आणि लोड रेंज सीच्या या मापाची क्षमता ५० पीएसआयला १,७६० पाउंड. म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण डाव्या बाजूला स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), फ्रिज आणि स्वयंपाकाचं कपाट. डावीकडे ३,३८० आणि उजवीकडे २,८८०. त्यातही मागचं डावं चाक एकटं १,७९० पाउंड उचलत होतं. मर्यादेपेक्षा ३० जास्त, तेही हवा पूर्ण असताना. वर या टायरांवर वेगमर्यादा सांगणारं अक्षरच नव्हतं. असे एसटी टायर ६५ मैलांच्या वेगासाठी धरतात आणि माझा काटा ७२ वर होता. टायर पाच वर्षांचा, भार मर्यादेबाहेर, वेग मर्यादेबाहेर, जून महिना. चिनी असो की कुठलाही, तो बिचारा आणखी काय करणार होता?

मुळात ३,५०० पाउंडांच्या ॲक्सलला १,७६० चे दोन टायर म्हणजे ३,५२०. वीस पाउंडांची शिल्लक ठेवून कंपनीने ट्रेलर विकला होता. नियमात बसतं, पण पोटाला चिमटा काढून.

तर आता नवे टायर. घेतले गुडइयर एन्ड्युरन्स, त्याच मापाचे पण लोड रेंज डी: ६५ पीएसआयला २,०४० पाउंड, वेगाचं अक्षर एन, म्हणजे ८७ मैल. त्या वेगाने ट्रेलर ओढायचा असा अर्थ कुणी काढू नये. मी ६२-६३ च्या वर जात नाही. अक्षर फक्त टायरची उष्णता सोसायची ताकद सांगतं. एक मित्र म्हणाला होता, गाडीचेच चांगले टायर घाल, मऊ चालतील. गाडीचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याची लिहिलेली क्षमता १.१० ने भागावी लागते आणि त्याच्या बाजूही एसटीइतक्या ताठ नसतात, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

लोड रेंज वाढवताना बहुतेक जण रिम बघत नाहीत. माझ्या रिमच्या मागच्या बाजूला १,९०० पाउंड असा शिक्का आहे. म्हणजे टायर २,०४० चा असला तरी माझी खरी मर्यादा १,९००. तसंच व्हॉल्व्हचं. नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो, आणि मला नेमकी तेवढीच हवा थंड टायरमध्ये भरायची होती. तापल्यावर दाब वर जाणारच, शिवाय डोक्यावर टीपीएमएसच्या (चाकांतला दाब चालकाला दाखवणारं यंत्र) सेन्सरचं वजन. धातूचे, नटाने कसायचे व्हॉल्व्ह घालून घेतले. दुकानदाराने "कशाला लागतात?" असा चेहरा केला, मी हट्ट सोडला नाही.

त्याच दुकानात चारपैकी एका टायरवरची तारीख आधीच्या वर्षातली निघाली. परत करून दुसरा मागवला. पूर्ण डॉट नंबर टायरच्या एकाच बाजूला असण्याची सक्ती असते. तो आत गेला तर पुढची पाच वर्षं ट्रेलरखाली पाठीवर झोपून वाचावा लागतो, म्हणून तो बाहेर दिसेल असेच टायर बसवून घ्या. चारही बॅलन्स करून घेतले. ट्रेलरला काय करायचंय बॅलन्स, असं म्हणणारे भेटतील. टायरांची नोंदणीही केली, म्हणजे उद्या रिकॉल निघाला, कंपनीने सदोष टायर परत मागवले, तर आपल्याला कळतं. दुकानात नट गनने कसले होते, तरी ५० मैलांनंतर टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने कसायचा पाना) लावल्यावर दोन नट सरकले. हे मात्र प्रत्येक वेळी करतो.

आता वापराचं. पहिला फरक हवेत जाणवला. जुन्यांत दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय घालावे लागायचे, यांत महिना झाला तरी काटा जेमतेम हलतो. अर्थात त्यात व्हॉल्व्हचा वाटा किती आणि टायरचा किती, हे सांगता येणार नाही. सकाळी ५५ अंश फॅरनहाइटला ६५ भरले की दुपारी शंभरीच्या उन्हात महामार्गावर ७५ दिसतात. पहिल्यांदा पाहून घाबरलो होतो. गणित साधं आहे, या दाबाला दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि टायर असा वाढीचा विचार करूनच बनवलेला असतो. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही. सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेचा टायर होतो, आणि कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो. ॲरिझोनात फिनिक्सहून आय-१७ महामार्गाने फ्लॅगस्टाफला चढताना आणखी एक मजा दिसली. वर जवळजवळ ५,८०० फूट चढतो, बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे गेजवर पावणेतीन पीएसआय फुकटात वाढायला हवेत. पण वर थंडी असल्याने आकडा जवळजवळ तोच राहिला.

उन्हाकडची बाजू सावलीकडच्या बाजूपेक्षा नेहमी दोन-तीन पीएसआय पुढे असते. पूर्वेकडे जाताना उजवी, परतताना डावी. एवढं लक्षात आलं की टीपीएमएसकडे बघून उगाच काळीज धडधडत नाही.

झीज २/३२ इंचाच्या आत आहे. अपवाद पुढच्या उजव्या चाकाचा, त्याची आतली कड जास्त खाल्ली गेली आहे. हा टायरचा दोष नाही, ॲक्सल किंचित वाकलाय. जुन्या टायरवरही तशीच झीज होती आणि मी ती वाचली नव्हती. अलाइनमेंट या हिवाळ्यात. कॅम्पग्राउंडमध्ये काटकोनात वळवताना चाकं आडवी घासटली जातात, तेव्हा दोन ॲक्सलच्या टायरांचे आतले पट्टे किती पिळवटतात ते खाली उतरून एकदा बघा. मी आता दोनदा मागेपुढे घेतो पण कोनात पिळत नाही.

तक्रार म्हणायची तर ६५ पीएसआयने ट्रेलर आतून जास्त हादरतो. कपाटांची दोन बिजागरं सैल झाली, आणि बायकोच्या मते बरण्यांची झाकणं आपोआप फिरतात. हा लोड रेंजचा परिणाम, ब्रँडचा नाही, पण सीवरून डीवर जाणाऱ्याला कळलेला बरा. सामानही हलवलं: अवजारं उजवीकडे, पाण्याची टाकी रिकामी करून प्रवास (४० गॅलन म्हणजे ३३० पाउंडांच्या वर). पुन्हा तोलल्यावर मागचं डावं चाक १,६४० वर आलं. खरं सांगायचं तर रात्री झोप लागली ती या आकड्याने, टायरवरच्या नावाने नव्हे.

उभा असताना चाकांवर पांढरी कव्हरं, खाली लाकडी फळ्या, हवा पूर्ण. टायर चमकवायचं पॉलिश लावत नाही.

आणि आता माझा मूर्खपणा. जूनमध्ये चार टायर घेताना स्टेपनी तशीच ठेवली. फारशी न चाललेली, नवीकोरी दिसणारी. उगाच का फेकायची? मे २०२४ मध्ये ॲरिझोनातच यूएस-८९ महामार्गावर कॅमेरून गाव मागे टाकून पेज गावाकडे निघालो होतो, तेव्हा टीपीएमएस ओरडलं. मागचा डावा टायर, ६९ वरून ५७ आणि आकडा उतरतोय. या वेळी टायर फुटायच्या आत थांबलो. नक्षीत खिळा होता, बाकी टायर धड. पण बदलायला माझ्याकडे होती ती सहा वर्षांची, लोड रेंज सीची स्टेपनी, जिच्या जुळ्या भावाने सांता रोझाजवळ फेंडर फाडलं होतं. बायको काही बोलली नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिली. पेजपर्यंतचे साठ मैल ४५ च्या वेगाने, मागे गाड्यांची रांग घेऊन, दर दहा मैलांना थांबून टायरला हात लावत गेलो.

खिळ्याचं भोक नक्षीच्या मधोमध आणि लहान होतं, त्यामुळे टायर आतून पॅच-प्लग लावून दुरुस्त झाला. तो आजही ट्रेलरवर आहे, फक्त उजवीकडे. स्टेपनी म्हणून पाचवा एन्ड्युरन्स त्याच दुपारी घेतला. दुकानातल्या मुलाने जुनी स्टेपनी ट्रकमध्ये परत ठेवू का विचारलं, तर बायको म्हणाली, "नको, ठेवा तुमच्याकडेच."