परदेशवारीचे शेवटचे दोन दिवस: तिकडेच, चिखलदऱ्याला, की वावरात?

थायलंडची सहल ठरली आहे, सोबत जिवलग दोस्त आहे आणि सुट्टीतले दोन दिवस उरतात. ते तिकडेच काढायचे, चिखलदऱ्याला जायचं, की वावरात बाज टाकून पडायचं? यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यातल्या माणसाला माझं उत्तर एकच: हिवाळा असेल तर वावर. पण त्यात एक मेख आहे, ती पुढे येईलच.

तिकडेच थांबायचं तर बुकिंग करतानाच सांगा. टूरवाले याला ‘डेव्हिएशन’ म्हणतात. ग्रुपच्या तिकिटाची तारीख मागाहून बदलणं कठीण, बदलली तरी खिशाला चाट. टूरचा शेवटचा दिवस बहुतेक खरेदीत जातो, आणि मॉलमध्ये पिशव्या सांभाळत दोस्ताशी काय डोंबल बोलणार? त्यापेक्षा हुआ हिन गाठा. बँकॉकपासून साधारण २०० किलोमीटर, रेल्वे जाते, समुद्र आहे आणि पट्टायासारखा धिंगाणा नाही. बँकॉक सोडवत नसेल तर वाट फोला जा. तिथे ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे आणि त्याच आवारात मालिशची प्रसिद्ध शाळा. २०१९ साली युनेस्कोने थाई मालिशला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पारंपरिक मालिश सैल कपड्यांत, तेलाशिवाय होते, तेव्हा लाजायचं कारण नाही. रस्त्यावरच्या साध्या ठिकाणी तासाला ३००-४०० बाट पडतात. दोस्त माळकरी असेल तर मात्र जपा, कारण तिकडे साध्या भाजीतही माशाचा सॉस पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेली ‘जे’ दुकानं शोधा. तिथे मासे-मटण सोडा, कांदा-लसूणही नसतो.

चिखलदरा मे महिन्यासाठी ठेवा. खाली पारा ४५ च्या पुढे असताना वावरात कोण बसणार! हजार मीटरवरची हवा, गाविलगड, कॉफीची झाडं, सगळं छान. फक्त नागपूरला उतरून तडक निघू नका. विमानातल्या जागरणावर परतवाड्यापुढचा घाट म्हणजे हमखास ओकाऱ्या. पावसाळ्यात जायचं तर शनिवार-रविवार टाळा.

आता वावर. डिसेंबर-जानेवारीत हुरडा असतो, तुरीच्या शेंगा असतात, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी असते. बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, त्यामुळे परतल्यावर पहाटे चारलाच डोळे उघडतात. हॉटेलात त्या वेळी छताकडे पाहत पडावं लागतं. वावरात शेकोटी पेटवली की झालं. शिवाय आठ दिवस एका खोलीत राहिल्यावर दोस्तीतही बारीकसारीक खटके उडालेले असतात: कोण घोरलं, टॅक्सीचे पैसे कोणी दिले. हे मॉलमध्ये निघालं तर भांडण होतं, शेकोटीपाशी निघालं तर हसून संपतं.

मेख अशी की दोस्तही शेतकरीच. तो तुमच्यासोबत फिरत होता तेव्हा त्याची कापसाची वेचणी अडून पडली होती, हरभरा पाण्यावर आला होता. म्हणजे आराम तुमचा, आल्या दिवसापासून राबणं त्याचं. तो वेचायला लागला तर तुम्हीही ओटी बांधा. बाजेवर पडून गप्पा मारायची अपेक्षा असेल तर खरंच हुआ हिनलाच थांबा, तिथे त्याला कोणी कामाला लावणार नाही.

दुसरं, विमानतळावरून परस्पर वावरात जाऊ नका. “घर सोडून वावरात काहून गेले?” हे घरी ऐकावंच लागेल. एक रात्र घरी काढा, सोबत आणलेला खाऊ पोरांना वाटा, आलेल्यांना फोटो दाखवा, मग निघा. आणि त्या आठवड्यात पंपाची लाईन दिवसाची आहे की रात्रीची, हे आधीच विचारून घ्या. रात्रीची असली तर टॉर्च तुम्ही धरायचा.