विश्रामबागची अभ्यासिका, सीट नंबर ३७ : एका एफएमजीईवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, अभ्यासिकेचं नाव टाकणार नाय. एक तर खाली थोड्या तक्रारी पण केल्यात आणि मालक काका चांगला माणूस आहे, आणि दुसरं म्हणजे परीक्षा जवळ आली की तिथं आधीच जागा मिळत नाय, त्यात तुम्ही सगळे आलात तर मी कुठं बसू. सांगलीत विश्रामबागला आहे, शोधणारा शोधतोच.

अभ्यासिकांचे रिव्ह्यू बघाल तर सगळे एमपीएससी नायतर पोलीस भरतीवाल्यांचे. बाहेरच्या देशातनं एमबीबीएस करून आलेल्याने, म्हणजे एफएमजीई ही इथली स्क्रीनिंग परीक्षा देणाऱ्याने, लिहिलेला मला तरी एक पण दिसला नाय, म्हणून हा. मी किर्गिझस्तानात बिश्केकला होतो, २०१९ ची बॅच, २०२४ ला डिग्री घेऊन आलो आणि जवळपास वर्षभर इथंच बसलो.

सोय म्हणाल तर २४ तास चालू, एसी हॉल ११०० आणि बिनएसी ७०० महिना, लॉकर आहे, प्रत्येक सीटला प्लग आहे (३६ चा सोडून, तो ठिणग्या मारतो, काकांना चार वेळा सांगून झालं). मुलींचा हॉल वेगळा. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर ट्यूब चालते पण पंखे बंद, एप्रिल महिन्यात सांगलीत पंखा नसला की काय होतं ते सांगायला नको. संध्याकाळी डास लई. पहाटे चारला भरतीची पोरं ग्राउंडला जातात तेव्हा दहा मोबाईलचे अलार्म एकाच वेळी वाजतात आणि ज्याचा वाजतो तो सोडून सगळे उठतात. वायफाय मात्र एक नंबर, व्हिडिओ लेक्चर कधी अडकलं नाय, आणि आमचं ८० टक्के काम तेच असतंय.

पण घरी बसून का नाय केलं असं विचाराल तर त्याला कारण एक फ्लेक्स आहे. मी परत आलो तेव्हा गावातल्या पोरांनी (तासगाव तालुक्यातलं गाव आमचं) चौकात मोठा फ्लेक्स लावला, माझा गॉगलवाला फोटो आणि खाली "डॉ." लावून हार्दिक अभिनंदन. आयला, मला धड बोलताच येईना. कारण डिग्री हातात असली तरी एफएमजीई पास होऊन, मेडिकल कौन्सिलकडं नोंद होऊन, इथली इंटर्नशिप झाल्याशिवाय मी कायद्यानं काही डॉक्टर नाय, साधी गोळी लिहून द्यायचा हक्क नाय. हे चौकात कुणाला सांगणार? रोज सकाळी एक ना एक आज्जी बीपी मोजायला दारात. पहिल्या अटेम्प्टला १३९ मार्क पडले, पासिंग १५०. ज्या दिवशी रिझल्ट लागला त्याच दिवशी पप्पांनी न बोलता तो फ्लेक्स काढला, आता तो आमच्या बेदाण्याच्या शेडवर आहे, पावसाची झड अडवायला, उलटा घातलाय. दुसऱ्या दिवशी मी सीट बुक केली.

आता परीक्षेचं. ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी, २००२ पासून ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, वर्षातनं दोनदा, ३०० प्रश्न, दीडशे दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाय. ऐकायला सोपं वाटतं ना, निम्मे मार्क पाडायचे फक्त. तरी माझ्या जुलै २०२५ च्या परीक्षेला शंभरातले एकोणीस पण पास झाले नायत. पोरं मठ्ठ असतात असं नाय हो. बिश्केकला पेशंट किर्गीझ नायतर रशियन बोलणार, आमची रशियन भाजी आणायपुरती, मग वॉर्डात जाऊन आम्ही हिस्टरी काय घेणार, मागं उभं राहून मान डोलवायची. आणि पीएसएमला (सार्वजनिक आरोग्याचा विषय) ३० मार्क असतात, त्यात आपलं लसीकरण, टीबीचा कार्यक्रम, आशा, अंगणवाडी, हे तिकडं कोण शिकवणार? मी ते सगळं ३७ नंबरला बसून पहिल्यांदा वाचलं. गंमत म्हणजे शेजारचा ३८ वाला एमपीएससीचा होता, त्याला सरकारी योजना तोंडपाठ, त्याच्याकडनं मी योजना घेतल्या आणि त्याला जनरल सायन्समधलं रक्ताभिसरण शिकवलं. १५८ पडले दुसऱ्या वेळी, त्यातले चार-पाच मार्क त्याचेच.

टेरेसबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. अभ्यासिकेत बोलायची बंदी म्हणून सगळ्या चर्चा टेरेसवर, टाकीच्या सावलीत, भडंगाची पुडी मधे ठेवून. एकदा काका तिथं एका पाहुण्यांना घेऊन आले. विट्याचे, गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे), दुकान कोईमतूरला, मुलाला नीटमध्ये क्वालिफाय होण्यापुरते मार्क. हातात गुळगुळीत ब्रोशर, समुद्र, नारळाची झाडं, कॅरिबियनमधल्या कुठल्यातरी बेटावरचं कॉलेज, आणि वर सोनेरी गोल शिक्का, "एनएमसी अप्रूव्हड", म्हणजे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता असल्याचा. मला म्हणाले, डॉक्टर साहेब, जरा नजर टाका.

मी आत उघडून बघितलं तर पहिली दोन वर्षं बेटावर आणि पुढचं क्लिनिकल दुसऱ्याच देशातल्या हॉस्पिटलात. म्हणलं काका, हितंच गाडी अडते. नोव्हेंबर २०२१ ला एनएमसीचा नियम आलाय, त्यानंतर गेलेल्यांना कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, इंग्लिशमधनं, सगळा एकाच कॉलेजात, वर तिथंच १२ महिने इंटर्नशिप, आणि ट्रेनिंगचा कुठलाच भाग भारतात नायतर तिसऱ्या देशात केलेला चालत नाय. शिवाय त्या देशात तिथल्या माणसासारखं प्रॅक्टिसचं लायसन मिळण्याजोगी डिग्री पाहिजे, आणि सुरुवात केल्यापासनं दहा वर्षात सगळं उरकायचं. पोरगं अमेरिकेला जाणार असंल तर तो वेगळा रस्ता, तिथल्या परीक्षा वेगळ्या. पण परत विट्याला दवाखाना टाकायचा असंल तर ह्या कागदावर नाय जमत.

ते म्हणाले, मग अप्रूव्हड कुठलं ते सांगा की, लिस्ट असंलच. म्हणलं लिस्टच नसते. एनएमसी बाहेरच्या कुठल्याच कॉलेजला अप्रूव्ह करत नाय, नियम सांगते आणि तपासायचं तुमच्यावर सोडते, फार तर एखाद्यापासून सावध राहा म्हणून सांगते, २०२५ मध्ये बेलीझमधल्या काही कॉलेजांबद्दल सांगितलं तसं. जागतिक डिरेक्टरीत नाव आहे असं एजंट दाखवतात, त्याचा अर्थ कॉलेज आहे एवढाच.

पाहुणे काका ब्रोशरवरच्या शिक्क्यावर अंगठा फिरवत होते, सवयीनं असेल. म्हणाले, "म्हणजे ह्यात हॉलमार्कच नसतोय?"

"नसतो काका."

"आणि टोकन दोन लाख दिलंय की हो."

मग कुणी काय बोललं नाय. भडंग पुढं केलं तर नको म्हणाले, ब्रोशरची घडी घालून खिशात ठेवली आणि जिना उतरले. मुलाला कुठं घातलं पुढं कळलं नाय. आमच्या एजंटनं तर शिक्क्याची पण तसदी घेतली नव्हती, सत्तर टक्के पास होतात म्हणून तोंडी सांगितलं आणि आम्ही मान्य केलं. त्यामुळं मी कुणाला हसत नाय.

अभ्यासिकेचा एक मोठा प्लस पॉइंट राहिलाच, खाली झेरॉक्सवाला आहे. हसू नका. पास झाल्यावर खरा अभ्यास कागदांचा असतो. डिग्री अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी दाखला) नायतर दूतावासाचा शिक्का असलेली, सगळ्या मार्कशीट, नीटचं स्कोअरकार्ड, बारावी, पासपोर्टची पानं न पानं, कारण गेल्या-आल्याचे शिक्के तपासतात. आमच्या बॅचचा घोळ वेगळाच, मार्च २०२० ला कोरोना आला आणि पुढं दीडेक वर्ष मी द्राक्षाच्या बागेत बसून मोबाईलवर डिसेक्शन बघितलं, रेंज तिथंच यायची. आता तो ऑनलाइन झालेला भाग तिकडं प्रत्यक्ष वर्गात भरून काढल्याचं नीट दाखवता आलं पाहिजे, नायतर एक वर्षाच्या इंटर्नशिपची दोन नायतर तीन वर्षं होतात. त्या एका सर्टिफिकेटसाठी कॉलेजला किती मेल केले ते मोजायचं सोडलं, एकदा आलं तर त्यात तारीखच नव्हती. झेरॉक्सवाल्या दादाला माझा पासपोर्ट नंबर पाठ झालाय, पोलीस व्हेरिफिकेशनला पण एवढा कुणी बघितला नसंल.

इंटर्नशिपला फी घ्यायची नाय आणि स्टायपेंड कॉलेजच्या बाकी इंटर्नएवढाच द्यायचा असं एनएमसीनं २०२२ ला सांगितलंय, पण त्याच पत्रात आमच्यासाठी जागांची मर्यादा साडेसात टक्क्यांची घातली, त्यामुळं वाट बघा. मला मिरजेचं गव्हर्मेंट कॉलेज मिळालं तर लई बरं होईल, बसनं वीस मिनिटं. आयुष्यभर बघितलंय की कर्नाटकातनं पण माणसं मिरजेला दवाखान्याला येतात, आणि मी त्याच मिरजेवरनं रोज बिनकामाचा जातोय.

स्टार चार देतोय. एक कापला तो डास आणि ३६ च्या प्लगसाठी. पाण्याचा फिल्टर मधनंच बंद असतो, बाटली घरनं न्या. मेसचा डबा समोरच्या ताईंकडनं घ्या, भाकरी गरम असते, गुरुवारी शेंगदाण्याची आमटी. एसीच्या नादाला लागू नका, दुपारी दोनला सगळा हॉल घोरतो.

माझी ३७ नंबरची सीट अजून चालू आहे, इंटर्नशिपचं लागलं की रिकामी होईल. खिडकीशेजारी आहे, पंखा थेट डोक्यावर. एफएमजीईवाला असंल तर काकांना आधी सांगून ठेवा, ३८ वाला म्हणतोय त्याच्या भावाला पाहिजे.